नौशाद परप्रांतीय होते, हे विसरू नका

मागच्या महिन्यात घाटकोपर मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर मागून हाक आली, "टीचर, अस्सलामु अलैकुम!" वळून पाहिलं तरी ओळखायला थोडा वेळ लागला. सात-आठ वर्षांपूर्वी हा मुलगा माझ्या वर्गात होता. आता दाढी आलेली, पाठीवर बॅग आणि काखेत कव्हरमध्ये घातलेला कीबोर्ड. विचारपूस केली. दिवसा असल्फ्याच्या एका कारखान्यात शिलाई मशीनवर बसतो. रात्री आणि रविवारी एका बेंजो पार्टीत वाजवतो. हळद, वरात, गणपती, संदल, जिथं बोलावणं येईल तिथं. मी म्हटलं, "मग चांगलंच आहे की!" तो लाजल्यासारखा हसला. निघताना मात्र आवाज खाली करून म्हणाला, "टीचर, अब्बू को मत बोलना."

त्याच्या अब्बूंना मी ओळखते. गोंड्याहून आलेले, टेलरकाम करणारे साधे, कष्टाळू गृहस्थ. मुलगा आठवीत असताना मीच त्यांना शाळेत बोलावून घेतलं होतं. हा पोरगा मोबाइलवर पियानोचं अॅप घेऊन बाकाखाली बोटं चालवायचा. मी मोबाइल काढून घेतला आणि तक्रार केली. ते हात जोडून म्हणाले, "टीचर, आमच्यात गाणं-बजावणं चालत नाही. मी त्याला मशीन शिकवतोय, इज्जतीचं काम आहे." मी मान डोलावली. एवढंच नाही, तर "बरोबर आहे तुमचं" असंही म्हणाले. बी.एड.ला आम्हाला मुलाचा कल ओळखायला शिकवलं होतं. त्या दिवशी मी फक्त वर्गातली शिस्त ओळखली.

मेट्रोत बसल्यावर मला नौशाद आठवले. कारण हीच गोष्ट त्यांच्या आयुष्यात उलट्या बाजूनं घडली होती. या मुलाला शिंप्याच्या घरात आपलं वाजवणं लपवावं लागतं. नौशाद यांना आपलं संगीत लपवण्यासाठी शिंपी व्हावं लागलं होतं.

लग्नातला शिंपी

हा किस्सा नौशाद स्वतः अनेकदा सांगत. 'रतन' हा चित्रपट १९४४ साली आला आणि त्यातली गाणी देशभर वाजू लागली. त्याच सुमारास घरच्यांनी त्यांचं लग्न ठरवलं. मुलगा मुंबईत सिनेमाला संगीत देतो, हे मुलीकडच्यांना सांगायचं कसं? शरीफ घरातली मुलगी कोण देणार? म्हणून सांगण्यात आलं की मुलगा मुंबईत टेलरिंगचं काम करतो. लग्नाच्या दिवशी वरातीच्या बँडवाल्यांनी नेमकी 'रतन'ची गाणी वाजवायला घेतली. मंडळी नाराज झाली. असली गाणी करणाऱ्यानं पोरांना बिघडवलं, असं बोलणं सुरू झालं. आणि ती गाणी करणारा माणूस डोक्याला सेहरा बांधून गप्प बसून होता.

आपण हा किस्सा ऐकतो आणि हसतो. मला आता हसू येत नाही. ज्याची चाल गल्लीगल्लीत वाजते आहे, त्याला आपल्याच लग्नात आपलं काम सांगता येऊ नये, यात हसण्यासारखं काय आहे? आणि ऐंशी वर्षांनी घाटकोपरच्या जिन्यावर एखादा मुलगा तीच विनंती करत असेल, तर मधल्या काळात आपण काय शिकलो?

लखनौ ते दादर

नौशाद अली यांचा जन्म २५ डिसेंबर १९१९ रोजी लखनौत झाला. वडील वाहिद अली कचेरीत मुन्शी होते. लखनौजवळ बाराबंकी जिल्ह्यात देवा शरीफचा मेळा भरतो. तिथं कव्वाल आणि गवय्ये हजेरी लावतात. लहानपणी या मेळ्यात त्यांच्या कानावर सूर पडले. पुढं वाद्यांच्या दुकानात काम करता करता, हार्मोनियम दुरुस्त करता करता, ते वाजवायला शिकले. उस्तादांकडं तालीम घेतली. मूकपटांच्या काळात थिएटरात पडद्यासमोर बसून वादक वाजवत, ते ऐकून चित्रासाठी संगीत कसं असतं याची समज आली. वडिलांनी शेवटी स्पष्ट सांगितलं, घर किंवा संगीत, दोन्हींपैकी एक निवड. नौशाद यांनी संगीत निवडलं आणि १९३७ साली मुंबई गाठली.

मुंबईत पहिला आधार मिळाला तो गाववाल्याचा. लखनौच्या एका ओळखीच्या माणसाकडं कुलाब्यात काही दिवस राहिले. मग दादरला आले. तिथं ब्रॉडवे थिएटरसमोरच्या फूटपाथवर त्यांनी रात्री काढल्या. उस्ताद झंडे खां यांच्या हाताखाली महिना ४० रुपयांची नोकरी मिळाली. पुढं खेमचंद प्रकाश यांनी त्यांना ६० रुपयांवर सहायक म्हणून घेतलं. खेमचंद प्रकाश हेही बाहेरचेच, राजस्थानचे. नौशाद त्यांना आयुष्यभर गुरू मानत राहिले. १९४० साली 'प्रेम नगर' हा स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिला चित्रपट मिळाला. १९४२ साली 'शारदा' आणि 'स्टेशन मास्टर', १९४४ साली 'रतन'. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

पण 'पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे' म्हणताना मधलं राहून जातं. मुंबई स्वप्नांचं शहर आहे, जिद्द असली की फूटपाथवरचा माणूस बंगल्यात जातो, अशी गोष्ट आपण मुलांना सांगतो. ती अर्धी आहे. नौशाद यांच्याकडं जिद्द होतीच, पण जिद्दीनं पोट भरत नाही. गावच्या माणसानं छप्पर दिलं. स्टुडिओनं महिन्याचा पगार दिला. त्यामुळं काम करता करता शिकता आलं. आणि खेमचंद प्रकाश यांच्यासारख्या मोठ्या माणसानं नवख्या पोराला हाताशी धरलं. छप्पर, पगार आणि उस्ताद या तीन गोष्टी मिळाल्या, म्हणून लखनौचा मुन्शीपुत्र संगीतकार झाला. त्या फूटपाथवर त्या काळात आणखी किती मुलं झोपत असतील! ज्यांना या तीन गोष्टी मिळाल्या नाहीत, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

अंधेरीची दोन शिखरं

मी घाटकोपरहून अंधेरीला मेट्रोनं जाते तेव्हा खाली कुर्ला रोडची गर्दी दिसते, काचेच्या इमारती दिसतात. या अंधेरीत एकेकाळी चित्रपटांचे स्टुडिओ होते, हे आज सांगूनही खरं वाटत नाही. विजय भट्ट यांच्या प्रकाश पिक्चर्सचा स्टुडिओ अंधेरीला होता. त्याच संस्थेनं १९५२ साली 'बैजू बावरा' काढला. के. आसिफ यांनी 'मुगल-ए-आझम'चा शीशमहल उभा केला तोही अंधेरीतल्या मोहन स्टुडिओत. म्हणजे नौशाद यांच्या कारकिर्दीची दोन मोठी शिखरं आपल्या या उपनगराशी जोडलेली आहेत. तिथं आज साधी पाटीसुद्धा दिसत नाही.

या चित्रपटांमागची माणसं बघा. 'बैजू बावरा'चे दिग्दर्शक गुजराती. गाणी लिहिणारे शकील बदायुनी उत्तर प्रदेशातल्या बदायूंचे. गाणारे मोहम्मद रफी पंजाबचे. त्यातली जुगलबंदी गायली इंदूरच्या उस्ताद अमीर खां यांनी आणि आपल्या मराठमोळ्या पं. द. वि. पलुस्करांनी. मीनाकुमारी तेवढी मुंबईची. चित्रपटातलं मालकंस रागातलं भजन शकील यांनी लिहिलं, नौशाद यांनी बांधलं, रफी यांनी गायलं. तिघंही मुसलमान. हे आपण दर वेळी अभिमानानं सांगतो. पण तिघंही परप्रांतीय होते, हे सांगायला विसरतो.

नौशाद यांच्या वाद्यवृंदातही तेच. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस १९४३ च्या सुमारास मुंबईत आले आणि नौशाद यांच्याकडं व्हायोलिन वाजवू लागले. चर्चमध्ये शिकलेलं स्वरलेखन आणि लखनौच्या उस्तादांची तालीम एका खोलीत आली. १९५२ च्या 'आन'साठी शंभर वादकांचा ताफा वापरला गेला, असं सांगतात. गोव्याचा ख्रिश्चन आणि अवधचा मुसलमान मुंबईत भेटले नसते, तर हा आवाज जन्मालाच आला नसता.

आणि यात मराठी माणूस कुठं होता? अगदी मध्यभागी होता. लता मंगेशकर यांचा आवाज आणि नौशाद यांची चाल ही जोडी 'अंदाज'पासून, म्हणजे १९४९ पासून जमली. लताबाईंच्या उर्दू उच्चारांना डाळभाताचा वास येतो, असं दिलीपकुमार म्हणाले होते, हा किस्सा खुद्द लताबाईच सांगत. त्या रागावून बसल्या नाहीत. एका मौलानांकडं त्या उर्दू शिकल्या. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळं हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. भाषा अशी शिकली जाते. गरज असते, ओढ असते, शिकवणारा मिळतो आणि शिकणाऱ्याचा अपमान होत नाही.

गाठोड्यातून काय आणलं?

बाहेरून आलेला माणूस शहरात काय आणतो? गर्दी आणतो, झोपडी आणतो, हे उत्तर आपल्या जिभेवर तयार असतं. नौशाद यांनी गाठोड्यातून अवधची गाणी आणली. श्रावणातले झुले, लग्नघरातली बायकांची गाणी, देवाच्या मेळ्यातली कव्वाली. या चाली त्यांनी रागांत घोळवल्या आणि सिनेमाला दिल्या. 'रतन'चं यश याच मातीचं होतं. 'मदर इंडिया' (१९५७) ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेला आपला पहिला चित्रपट. त्यातल्या शेताचा, पेरणीचा, पाठवणीचा सूर अवधचा आहे. 'गंगा जमुना' (१९६१) मध्ये तर पात्रंही तिकडचीच बोली बोलतात. मुंबईतल्या ज्या बोलीला आपण 'भैय्या लोगांची भाषा' म्हणून नाक मुरडतो, ती पडद्यावर ऐकायला या शहरानं रांगा लावल्या होत्या.

गिरणगावातही असंच झालं. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांनी भजनं, पोवाडे आणि तमाशा आणला, म्हणून मुंबईला मराठी गाणं मिळालं. बार्शीचे शाहीर अमर शेख, जन्मानं मुसलमान, संयुक्त महाराष्ट्रासाठी गात फिरले. तेही गाव सोडून आलेलेच होते. मुंबईत 'इथला' आणि 'बाहेरचा' हा हिशेब करायला बसलो, तर बरेच जण आपल्याच आज्या-पणज्यांपाशी येऊन अडकतात.

'बैजू बावरा' प्रदर्शित झाला तो दादरच्या ब्रॉडवे थिएटरला. त्या रात्री नौशाद थिएटरच्या सज्जातून समोरचा फूटपाथ बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले. विजय भट्ट यांनी कारण विचारलं. त्या फूटपाथवरून हा रस्ता ओलांडून इकडं यायला इतकी वर्षं लागली, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले. पंधरा-सोळा वर्षं. रस्ता जेमतेम वीस पावलांचा.

आपल्या दोन अडचणी

आता थोडं कडू बोलते. आपल्या वाचकांपैकी बरेच जण माझ्यासारखेच मराठी मुसलमान आहेत. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. घरात मराठी आणि दख्खनी एकाच वाक्यात बोलली जाते. आपली तक्रार काय असते? शेजारी म्हणतात, "तुम्ही मराठी किती छान बोलता हो!" जणू काही आपण काल आलो. दुसरीकडं मोहल्ल्यात उत्तरेकडचे लोक म्हणतात, "आप तो मराठी में बात करते हो, नमाज़ में भी?" दोन्हीकडून चिमटा. हे दुखणं खरं आहे.

पण या दुखण्यातून आपल्यातले काही जण चुकीचा मार्ग काढतात. आपण इथले आहोत हे सिद्ध करण्यासाठी यूपी-बिहारच्या मुसलमानाला हिणवायचं. "आम्ही तसले नाही, आम्ही इथले." मी हे लग्नात ऐकलंय, शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर कधीकधी माझ्याच तोंडून निघालंय. आपल्या आपलेपणाचा दाखला दुसऱ्याला परका ठरवून मिळत असेल, तर तो दाखला उद्या आपल्याकडूनही काढून घेतला जाईल. 'परप्रांतीय' म्हणणारा माणूस मुसलमानाच्या दारात आला की जिल्हा विचारत बसत नाही.

मराठी आलीच पाहिजे का? आलीच पाहिजे. मी मराठीची शिक्षिका आहे, या बाबतीत माझं मत मवाळ नाही. या राज्यात राहायचं, इथं कमवायचं, मुलांना इथंच वाढवायचं, तर इथली भाषा शिकावी. त्यात मुलांचंच भलं आहे. पण रस्त्यात कानाखाली मारून भाषा येत नाही, फक्त भीती येते. गोंड्याहून आलेल्या टेलरच्या मुलानं माझ्या वर्गात मराठीच्या पेपरात चांगले गुण मिळवले होते. घाटकोपरच्या जिन्यावर तो माझ्याशी अर्धं मराठीतच बोलला. फक्त गुपित सांगायची वेळ आली तेव्हा तो घरच्या भाषेत गेला. माणूस असाच असतो.

दुसरी अडचण आपल्या घरातली आहे. संगीत जायज की नाजायज, यावर उलेमांमध्ये शतकानुशतकं मतभेद आहेत. मी आलिमा नाही, तो फैसला मी करणार नाही. ज्याला ते मान्य नाही त्याच्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण दुटप्पीपणाचं काय करायचं? वरातीत बँड हवा, मोबाइलमध्ये जुनी गाणी हवीत, रफीसाहेबांवर आपला हक्क हवा, नौशाद 'आपले' हवेत. फक्त आपल्या पोरानं वाद्याला हात लावायचा नाही. चिश्ती सिलसिल्यात समा आहे, देवा शरीफला कव्वाली आहे, माहीमला मखदूमबाबांच्या उरुसात वाजतगाजत संदल निघतो. हे सगळं आपल्याच परंपरेत आहे. श्रद्धेपोटी कुणी 'नको' म्हटलं तर ते मी समजू शकते. पण बहुतेक वेळा मुलाला अडवते ती 'लोक काय म्हणतील' ही धास्ती, आणि आपण तिला दीन म्हणतो.

उतरणीवरचं शहाणपण

नौशाद यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. सत्तरच्या दशकात संगीत बदललं आणि त्यांच्याकडं येणारं काम कमी झालं. त्यांनी एकूण चित्रपट केले पासष्टच्या आसपास. इतक्या मोठ्या कारकिर्दीसाठी हा आकडा लहानच. काम नव्हतं तेव्हा माणुसकी मात्र कमी झाली नाही. त्याची मुळं जुनीच होती. शकील बदायुनी क्षयानं आजारी पडून पाचगणीच्या सॅनेटोरियममध्ये होते, हातात पैसा नव्हता. तेव्हा नौशाद चित्रपटांचं काम घेऊन त्यांच्यापर्यंत गेले आणि त्यांना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त मानधन मिळेल असं पाहिलं. मदत केली, पण ती कामाच्या रूपानं, म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. त्यांचे जुने सहायक गुलाम मोहम्मद 'पाकीझा' अर्धा सोडून १९६८ साली वारले. त्या चित्रपटाचं पार्श्वसंगीत नौशाद यांनी पूर्ण केलं. गाणी मित्राचीच राहिली.

मग आला टीव्ही. फाळके पुरस्कार घरात आल्यावर मोठा माणूस छोट्या पडद्याकडं बघत नाही, असा समज होता. नौशाद यांनी सत्तरीत मालिकांना संगीत दिलं. 'अकबर द ग्रेट' आणि 'द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान'. 'टिपू'च्या चित्रीकरणात ८ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओला आग लागली आणि साठहून अधिक माणसं गेली. पुढं मालिकेवर आक्षेप आले, प्रकरण कोर्टात गेलं. अखेर ही कथा काल्पनिक असल्याची सूचना दाखवत १९९० साली दूरदर्शनवर ती सुरू झाली. मी तेव्हा लहान होते. गावात ज्या घरी टीव्ही होता तिथं आम्ही सगळी मुलं जमायचो. मालिकेचं संगीत वाजलं की अंगणातली माणसं आत यायची. संगीत कुणाचं आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ज्यांची गाणी अब्बा रेडिओवर ऐकायचे तेच हे, हे फार उशिरा कळलं. १९८८ साली त्यांनी 'ध्वनी' या मल्याळी चित्रपटालाही संगीत दिलं होतं. लखनौचा माणूस, मुंबईत राहून, केरळच्या भाषेत. २००५ साली 'ताजमहल' हा त्यांचा शेवटचा चित्रपट आला तेव्हा ते पंच्याऐंशीचे होते.

काम लहान की मोठं, पडदा लहान की मोठा, हा विचार त्यांनी केला नाही, हे आजच्या मुलांना सांगण्यासारखं आहे. पण त्याच्या जोडीला हेही सांगायला हवं की त्यांच्यासारखी सुरुवात आज शक्य राहिलेली नाही. अंधेरी, वर्सोवा, ओशिवराच्या खोल्यांत आजही बाहेरगावची मुलं मालिकांसाठी, वेब सिरीजसाठी संगीत करतात. एक कॉम्प्युटर, एक कीबोर्ड, चौघांत एक भाडं. महिन्याचा पगार नाही, आठ तासांची पाळी नाही, शिकवणारा उस्ताद नाही. झंडे खां यांच्या ४० रुपयांत निदान पहिल्या तारखेची खात्री होती. नौशादांच्या नावानं अश्रू ढाळणाऱ्या या धंद्यानं आपल्या सहायकांना वेळेवर पैसे आणि पडद्यावर नाव दिलं, तरी ती मोठी श्रद्धांजली होईल.

कबर आणि पाटी

५ मे २००६ रोजी नौशाद गेले. त्यांचा बंगला 'आशियाना' ज्या कार्टर रोडवर होता, त्या रस्त्याला त्यांचं नाव दिलं गेलं, संगीत सम्राट नौशाद अली मार्ग. ज्याला दादरच्या फूटपाथनं झोपायला जागा दिली, त्याच्या नावाचा रस्ता या शहरात झाला. लोक मात्र अजून कार्टर रोडच म्हणतात.

दफन जुहूच्या कब्रस्तानात झालं. २०१० साली बातम्या आल्या की तिथल्या मधुबाला, रफी, साहिर, नौशाद अशा अनेकांच्या पक्क्या कबरी नव्या मय्यतींना जागा करण्यासाठी काढण्यात आल्या. तेव्हा खूप हळहळ झाली. मला वाटतं, यात दोष द्यावा असं काही नाही. आपल्या दीनमध्ये कबर कच्चीच असावी असं सांगितलं आहे आणि मुंबईत मेलेल्या माणसालाही जागा कमी पडते. कुणा गरिबाच्या मय्यतीला नौशाद यांच्या शेजारी, त्यांच्याच मातीत जागा मिळाली असेल. आयुष्यभर बाहेरून आलेल्यांसोबत राहिलेल्या माणसाला त्याचा राग आला नसता.

पण कबर गेली म्हणजे आठवण ठेवायची जबाबदारी जिवंत माणसांवर येते. ती आपण कुठं ठेवणार? स्मारक मागणं सोपं आहे. मी शिक्षिका आहे, मला शाळा दिसते. आपल्या वस्त्यांतल्या उर्दू शाळांत चित्रकलेचा तास असतो, पीटीचा असतो. संगीताचा तास वेळापत्रकात असला तरी त्या वेळी बहुधा गणिताचा राहिलेला धडा घेतला जातो. एक हार्मोनियम, आठवड्यातून एक खरा तास आणि मुलाची बोटं ओळखणारा एक शिक्षक. नात असो, हम्द असो, समूहगीत असो, तिथून सुरुवात करा. ज्यांच्या घरी वाद्य नको असेल त्यांना दफ आहे, आवाज आहे. पण मूल सुरात आहे की नाही, हे निदान कुणीतरी ऐकून तर बघा.

आता माझ्यापुरतं. त्या मुलाचं गुपित मी फोडलेलं नाही आणि फोडणारही नाही. पण सात-आठ वर्षांपूर्वी त्याच्या अब्बूंना "बरोबर आहे तुमचं" म्हणाले होते, ते परत घ्यायचं आहे. येत्या रविवारी असल्फ्याला जाऊन त्यांच्याकडं चहा घेणार आहे. मुलाविषयी काही बोलणार नाही. गोंड्यापासून फार लांब नसलेल्या एका गावातून मुंबईत आलेल्या माणसाची गोष्ट सांगणार आहे. त्याच्या लग्नात त्याला शिंपी म्हणून उभं केलं होतं, तिथून सुरुवात करीन. ते टेलर आहेत, ऐकून हसतील. मग विचार करतील, अशी आशा आहे.